कामशेतला पॅराग्लायडिंग शिकताना: माळावरच्या सरावापासून पहिल्या उड्डाणापर्यंत

पॅराग्लायडिंग शिकायला आलेल्या माणसाचे डोळे टेकडीच्या माथ्यावर असतात, आणि शिकायचं बहुतेक सगळं पायथ्याच्या माळावर असतं. विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, सरळ डोक्यावर आणणं, तिथे टिकवणं आणि नको असेल त्या क्षणी खाली पाडणं, या तीन गोष्टी जमल्या की हवेतलं पहिलं मिनिट फारसं कठीण जात नाही. त्या जमल्या नसतील, तर घोटा मुरगळणं किंवा करवंदीच्या जाळीत जाऊन बसणं ठरलेलंच. म्हणून या लेखात जमिनीवरच्या कामाला जास्त जागा दिली आहे, आकाशाला कमी.

ऋतू, जागा आणि शाळा

पुण्याहून शिकायला जायचं तर कामशेत. लोणावळा लोकल तिथे थांबते आणि गाडीने गेलात तर जुना मुंबई–पुणे महामार्ग गावाला लागूनच जातो. सकाळचा वारा गाठायचा असेल तर मुक्कामाला राहिलेलं बरं. टॉवर हिल आणि शिंदेवाडीची टेकडी ही इथली नेहमीची नावं. शिकण्यासाठी अशा जागा सोयीच्या ठरतात, कारण टेकड्या फार उंच नाहीत, अंगावर गवत आहे आणि खाली उतरायला मोकळी जमीन आहे.

पावसाळ्यात सगळं बंद. ऑक्टोबरपासून मेपर्यंत हंगाम म्हणतात, पण त्यातले सगळे महिने नवख्यासाठी सारखे नसतात. ऑक्टोबरात मावळातला भात अजून उभा असतो, त्यामुळे उतरायच्या जागा कमी. चुकून उभ्या पिकात उतरलात तर शेतकऱ्याची नुकसानभरपाई देणं हा साधा शिरस्ता आहे, त्यावर वाद घालू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिकायचा खरा काळ: हवा थंड, वारा मऊ, खाचरं रिकामी. मार्चपासून ऊन तापतं, दुपारी समुद्राकडून येणारा वारा घाट चढून जोरात पोचतो, आणि तापलेल्या उतारावरून थर्मल, म्हणजे गरम हवेचे झोत, सुटायला लागतात. वणव्याने काळा पडलेला उतार शेजारच्या पिवळ्या गवतापेक्षा लवकर तापतो, त्याच्यावरची हवा तर आणखी खवळलेली. एप्रिल-मेमध्ये शिकायचंच असेल तर सकाळी लवकर आणि संध्याकाळी उन्हं कलल्यावर, मधला वेळ थिअरीला.

अभ्यासक्रम साधारण पी-वन आणि पी-टू अशा पायऱ्यांनी शिकवतात. पी-वन म्हणजे तीन-चार दिवस: माळावरचा सराव आणि छोट्या उतारावरून खाली सरळ उड्डाणं. पी-टूमध्ये वळणं, वाऱ्यावर तरंगत टेकडीसमोर येरझाऱ्या घालणं, ठरलेल्या जागी उतरणं. वाऱ्याने दगा दिला तर दिवस वाया जातात, त्यामुळे सुट्टी काढताना एक-दोन दिवस हाताशी जादा ठेवावेत.

पैसे भरण्याआधी शाळेला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी? टेक-ऑफला एक आणि लँडिंगला एक असे दोन प्रशिक्षक वॉकी-टॉकीसह असतात का? रिझर्व्ह पॅराशूट, म्हणजे संकटात उघडायचं राखीव पॅराशूट, शेवटचं कधी उलगडून पुन्हा घडी केलं? महाराष्ट्र शासनाच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? खराब हवेचा दिवस भरून देतात की थिअरी घेऊन मोजून टाकतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून शाळेचा स्वभाव कळतो. खराब वाऱ्यात ‘नको’ म्हणणारा प्रशिक्षक हवा, आणि दिवस भरायची घाई असलेली शाळा सहसा ‘नको’ म्हणत नाही. तुमचा अपघात विमा साहसी खेळांना लागू आहे का, हेही पॉलिसीत पाहून ठेवा. बहुतेकांना ते अपघातानंतर कळतं.

वजनाचं काय? प्रत्येक विंगवर किमान आणि कमाल वजन छापलेलं असतं आणि ते सगळ्या सामानासकट धरायचं असतं. ७० किलोचा माणूस, ५ किलोची विंग, ४ किलोचं हार्नेस (अंगाला बांधायची पट्ट्यांची बैठक), दीड-दोन किलोचं रिझर्व्ह, हेल्मेट-बूट-कपडे-पाणी आणखी ३ किलो, झाले ८४. अशा माणसाला ७५ ते ९५ किलोची विंग बरोबर बसते. वजनाच्या मानाने मोठी विंग दिली तर ती जोराच्या वाऱ्यात पुढे सरकत नाही आणि जमिनीवर ओढून नेते. लहान दिली तर वेग वाढतो, पळावंही जास्त लागतं आणि उतरतानाही पाय आपटतात. म्हणून वजन खरं सांगा. दोन-तीन किलो चोरण्यात कुणाचं भलं नाही.

अंगावर काय घालायचं

घोटा झाकणारे बूट, पूर्ण पँट, पूर्ण बाह्या, पातळ हातमोजे. शिकताना घोट्याला दुखापत सहज होते, त्यामुळे बुटावर कंजुषी नको. मात्र ट्रेकिंगच्या बुटांना वरच्या बाजूला नाडी अडकवायचे उघडे हूक असतात, त्यांत विंगच्या बारीक दोऱ्या नेमक्या टेक-ऑफच्या वेळी अडकतात. त्या हुकांवर कापडी चिकटपट्टी गुंडाळा आणि नाडीची टोकं आत खोचा. खिशात किल्ल्या, सुटे पैसे, काचेचा मोबाइल ठेवून पळू नये. पडलात की त्या मांडीत रुततात. कुसळांच्या दिवसांत लोकरी किंवा जाळीदार कपडे टाळा, नाहीतर संध्याकाळ कुसळं वेचण्यात जाते. सकाळी पोहे खाऊन निघा, मिसळ परतीच्या वाटेवर. हार्नेसचे पट्टे पोटावरच आवळलेले असतात.

सामानाची ओळख

विंग म्हणजे रिपस्टॉप नायलॉनचे दोन थर, मध्ये उभे पडदे, आणि त्यातून झालेले तीस-चाळीस कप्पे. कप्प्यांची तोंडं पुढच्या कडेला, म्हणजे लीडिंग एजला उघडी असतात. त्यातून हवा भरली की कापडाला पंखाचा आकार येतो आणि तो हवेचा दाब टिकून आहे तोवरच तिला विंग म्हणायचं. नवख्यासाठी ईएन या युरोपीय सुरक्षा मानकातल्या ए वर्गातलीच (ईएन-ए) विंग हवी. ती संथ असते, चुका पोटात घालते आणि दुमडली तर बहुधा स्वतःच उलगडते. मित्राने स्वस्तात देऊ केलेली ईएन-बी किंवा सी विंग शिकण्यासाठी घेऊ नये.

विंगपासून खाली येणाऱ्या दोऱ्यांच्या रांगा असतात. सर्वांत पुढची ए, मग बी, मग सी, आणि मागच्या कडेला जोडलेली ब्रेकची दोरी. या रांगा दोन्ही बाजूंच्या रायझरांवर, म्हणजे जाड पट्ट्यांवर येऊन मिळतात, आणि रायझर कॅराबिनरने, म्हणजे बंद होणाऱ्या धातूच्या कडीने, हार्नेसला जोडतात. ए ओढलं की विंग वर येते, सी ओढलं की पडते. पहिल्या दिवशी एवढं जरी हाताला कळलं तरी पुरे. हार्नेसच्या पाठीत फोम किंवा हवेची गादी असते आणि बाजूला किंवा खाली रिझर्व्हचं हँडल. हार्नेसमध्ये बसल्यावर न बघता हात त्या हँडलवर गेला पाहिजे. दर वेळी बांधून झालं की एकदा चाचपून पाहा, ओढू नका.

विंग पसरणं

वाऱ्याची दिशा पाहून विंग अशी पसरा की लीडिंग एज वारा जिकडे वाहत जातो त्या लांबच्या बाजूला आणि मागची कडा तुमच्याकडे, विंगची खालची बाजू जमिनीकडे नव्हे तर आकाशाकडे. आकार सरळ पट्टीसारखा नको. मधला भाग तुमच्यापासून सर्वांत लांब आणि टोकं थोडी जवळ ओढलेली, अशी कमान करायची. अशा मांडणीत मधले कप्पे आधी भरतात, मग टोकं, आणि विंग सरळ वर येते. सपाट पसरली तर टोकं आधी वर येतात, एकमेकांकडे झुकतात आणि मध्ये खळगा पडतो.

मग दोऱ्या. एका बाजूचा रायझर उचलून ब्रेकच्या दोरीपासून सुरुवात करा: ती सगळ्यांच्या खाली, मोकळी. तिच्यावर सी, मग बी, आणि सर्वांत वर ए. प्रत्येक रांग हलकी वर उचलून कापडापर्यंत डोळ्यांनी चालत जायचं. धसकट, काटकी, वाळलेलं गवत दोरीत अडकलेलं असतं, ते इथे काढलं नाही तर वर जाऊन गाठ बनतं. हीच गाठ पुढे विंगची एक बाजू सतत ओढून धरते. उड्डाण सुरू झाल्यावर ती सुटत नाही. एखादी दोरी टोकावरून फिरून विंगच्या पलीकडे गेलेली नाही ना, हेही इथेच पाहायचं. कामशेतच्या माळावर गुरं चरतात, त्यामुळे पसरण्याआधी जमिनीवर एक नजर टाकावी. ओलं शेण नायलॉनवरून निघता निघत नाही.

ग्राउंड हँडलिंग

जमिनीवर विंग हाताळण्याच्या या सरावाला भरपूर वेळ द्या. सुरुवातीला ताशी ८ ते १५ किलोमीटरचा सलग वारा पुरेसा असतो. हेल्मेट आधी चढवायचं, मग मांड्यांचे पट्टे, मग छातीचा, आणि नंतरच विंग जोडायची. सोडताना याच्या उलट: आधी विंग, सर्वांत शेवटी मांड्यांचे पट्टे आणि हेल्मेट. हा क्रम माळावरसुद्धा मोडायचा नाही. जगभरात अनुभवी माणसंसुद्धा मांडीचे पट्टे न लावता उडून हार्नेसमधून घसरली आहेत, आणि कारण एकच: माळावर लागलेली ढिली सवय.

पहिला सराव विंगकडे तोंड करून. दोन्ही रायझर एकदा एकमेकांवरून जातात, कारण तुम्ही अर्धे फिरलेले असता. कोणत्या बाजूने फिरायचं ते एकदाच ठरवा आणि कायम तीच बाजू ठेवा. विंग जमिनीवर असतानाच एकदा कोरडं फिरून पाहा. रायझर मोकळे झाले तर बरोबर, आणखी एक पीळ पडला तर उलटं बांधलंय.

आता ए रायझर हलके धरून दोन पावलं मागे. कप्पे भरून विंगची एक भिंत उभी राहते. या भिंतीपाशी थांबा. दोऱ्या मोकळ्या आहेत का, दोन्ही टोकं सारखी उठतात का, मध्ये वारा आडवा तर होत नाही ना, सगळं इथे दिसतं. मग पुन्हा मागे वजन टाकून विंग वर आणा. ए हातांनी खेचू नका. हार्नेसमधून अंगाचं वजन विंगला वर आणतं, हात फक्त दिशा दाखवतात. हाताने खेचलं की लीडिंग एज खाली दुमडते आणि विंग अर्ध्यातच कोसळते. बहुतेक नवखे पहिल्या तासात हेच करतात. विंग वर येत असताना तिच्याकडे दोन पावलं चालत जा, म्हणजे तिचा जोर कमी होईल. डोक्यावर पोचली की ए सोडा आणि दोन्ही ब्रेक क्षणभर हलके ओढून तिला थांबवा. थांबवलं नाही तर ती तुमच्या पुढे निघून जाते आणि समोर कोसळते.

विंग एका बाजूला झुकायला लागली की पाय आधी, हात नंतर. ती ज्या बाजूला पडतेय त्याच बाजूला सरकून तिच्या खाली जायचं आणि वर उरलेल्या बाजूचा ब्रेक हलका ओढायचा. विंगकडे तोंड असताना गोंधळ होतो, कारण समोर दिसणारी उजवी बाजू डाव्या हातातल्या ब्रेकने ओढली जाते. हाताने विचार करायला गेलात तर पहिले दोन तास प्रत्येक वेळी उलटंच ओढाल. पाय योग्य बाजूला गेले तर ब्रेकची गरज निम्म्याने कमी होते.

तेवढंच महत्त्वाचं विंग पाडणं. झुळूक वाढली, विंगने ओढायला सुरुवात केली, की दोन्ही सी रायझर पोटापर्यंत खेचा आणि तिच्याकडे पळा. दोन्ही ब्रेक ओढून उभं राहणं ही नैसर्गिक पण चुकीची प्रतिक्रिया आहे. ब्रेक ओढलेली विंग जोराच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि माणसाला फरफटत नेते. आडवे पडलात आणि सी हाताशी आलं नाही, तर एकाच बाजूच्या ब्रेकची दोरी हातावर हात घेत कापडापर्यंत ओढत जा. विंग गुंडाळून बसते. हा सराव मुद्दाम करून घ्यायला प्रशिक्षकाला सांगा. तो न करता टेकडीवर जाऊ नका.

टेकडीवर जायला कधी तयार? आमच्या मते कसोटी अशी: विंगकडे पाठ करून, सतत मान वर न करता, ती मिनिटभर डोक्यावर ठेवता आली पाहिजे, त्याच स्थितीत समोर ठरवलेल्या दगडापर्यंत वीस-पंचवीस पावलं चालत जाऊन पुन्हा मागे येता आलं पाहिजे. एखाद्याला हे दुसऱ्या दिवशी जमतं, एखाद्याला पाचव्या. दोघंही पुढे सारखेच उडतात.

वारा पाहणं

प्रशिक्षकाच्या हातात वाऱ्याचं मीटर असतं, पण तुम्हाला ते आकडे डोळ्यांनी ओळखता आले पाहिजेत. पानांची नुसती सळसळ म्हणजे साधारण ६ ते ११ किलोमीटर. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत, हलका झेंडा पूर्ण फडकतोय, तर १२ ते १९. माळावरची धूळ आणि कागद उडायला लागले की २० पार झाले, आणि नवख्याने विंग आवरून बसायचं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ वरून १८ ला गेलेला वारा दीडपट वाटतो, पण ओढतो सव्वादोन पट.

सरासरीपेक्षा झुळकांकडे जास्त लक्ष द्या. सलग १८ किलोमीटरचा वारा चालेल. ८ वरून १८, पुन्हा ८, असा येत असेल तर नाही. त्या झुळका म्हणजे बहुधा जवळून सुटणारे थर्मल. पाच मिनिटं विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बघत बसा, दिशा किती वेळा फिरते ते मोजा. दूरच्या वाडीतल्या चुलीचा धूर तिरका एका रेषेत जातोय की वर जाऊन पसरतोय, तेही बघा.

वारा टेकडीवर समोरून आला पाहिजे. समोरून आलेली हवा उतारावर आपटून वर जाते आणि त्या पट्ट्यात विंग तरंगते. टेकडीच्या मागच्या बाजूला हीच हवा गुंडाळून खाली येते, तिला रोटर म्हणतात. तिथे विंग कधीही दुमडू शकते. म्हणून माथ्याच्या मागे जाणं पूर्ण वर्ज्य. आणि एक पुणेरी शंका आधीच फेडून टाकू: वेताळ टेकडी किंवा तळजाईवर स्वतःच्या विंगने सराव करायचा का? नाही. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, शहरावरचं आकाश त्यांच्या नियंत्रणात आहे, आणि इमारतींमागे रोटर पावलोपावली.

उड्डाणाआधीची तपासणी

प्रत्येक वेळी, त्याच क्रमाने, मोठ्याने बोलत:

१. हेल्मेट, दोन मांड्या, छाती: सगळी बकलं ओढून पाहिली.
२. कॅराबिनर बंद, रायझर पिळाशिवाय, रिझर्व्हची पिन जागेवर.
३. दोऱ्या मोकळ्या, ब्रेक योग्य हातात.
४. विंगचे कप्पे उघडे, कमान नीट.
५. वारा समोरून, आकाश आणि उतार मोकळा.

मध्ये कुणी हाक मारली, फोटो काढायला थांबलात, तर पुन्हा पहिल्यापासून. अर्धवट सोडलेली तपासणी पूर्ण झाली असं मेंदू धरून चालतो.

पहिलं टेक-ऑफ

पहिली उड्डाणं छोट्या उतारावरून आणि हलक्या वाऱ्यात, म्हणजे १० किलोमीटरच्या आत, विंगकडे पाठ करून पळत होतात. ए रायझर तळव्यात, हात मागे आणि थोडे उंच, दोऱ्या नुकत्या ताणलेल्या. पहिलं पाऊल ठाम टाका. खांद्यांवर ओढ जाणवेल, तिथे थांबायचं नाही आणि घाबरून उडीही मारायची नाही. छाती पुढे झुकवून एका लयीत वेग वाढवायचा. विंग डोक्यावर आली की ओढ एकदम कमी होते. ए सोडा, नजर वर, ब्रेक हलके. विंग पूर्ण भरली आहे, सरळ आहे, तरच पुढे. तिरकी असेल, टोक दुमडलेलं असेल, तर ब्रेक ओढून तिथेच थांबायचं. सोडून दिलेलं टेक-ऑफ ही चूक मानू नका. ते शिकण्याचाच भाग आहे.

मग पळा. मोठी पावलं टाकत, शेवटपर्यंत. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे पाय जरा हलके झाले की बसायला जाणं. विंगने अजून वजन घेतलेलं नसतं, त्यामुळे पार्श्वभाग उताराला घासत जातो. पाय जमिनीवरून सुटल्यावरसुद्धा हवेत चार पावलं पळत राहा. दुसरी म्हणजे भीतीने रायझर मुठीत धरणं. त्यामुळे विंग विकृत होते आणि ब्रेकवरचा ताबा जातो. हात ब्रेकमध्ये, खांद्याच्या उंचीवर, रायझरला न शिवता.

हवेत

ईएन-ए विंगचा हात वर असतानाचा वेग ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास असतो आणि ती एक मीटर खाली येताना सुमारे आठ मीटर पुढे जाते. ६० मीटर उंच टेकडीवरून स्थिर हवेत ४८० मीटरवर पोचाल आणि त्याला पाऊण मिनिटाच्या आसपास लागेल. समोरून १८ किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग निम्मा, म्हणून अंतरही निम्मं, २४० मीटर. लँडिंगचं शेत कसं निवडायचं ते या गणितावर ठरतं, म्हणून ते टेकडीवर चढण्याआधीच करा.

वळण घेताना क्रम असा: आधी त्या बाजूला बघा, मग त्या बाजूच्या मांडीवर वजन टाका, मग त्याच बाजूचा ब्रेक सावकाश ओढा. ब्रेकने एकदम हिसका दिला तर विंग लोलकासारखी झुलते. घाबरून दोन्ही ब्रेक मांडीपर्यंत ओढणं सर्वांत धोक्याचं, कारण वेग २२-२४ च्या खाली गेला की विंग उडणं थांबवते, त्याला स्टॉल म्हणतात. भीती वाटली की हात वर, हे अंगी भिनवा. आणि झाडाकडे, विजेच्या तारेकडे टक लावू नका. माणूस जिकडे बघतो तिकडेच जातो. मोकळ्या जागेकडे बघा.

वॉकी-टॉकीवर फक्त ऐकायचं असतं. ऐकू आलं याची खूण म्हणून पाय हलवा. आवाज गेला तर काय करायचं, ते टेक-ऑफपूर्वी ठरवून ठेवा. सहसा सरळ जाऊन लँडिंगच्या शेतात वारा समोरून घेत उतरायचं.

विंगची एक बाजू दुमडली, तर वजन उघड्या बाजूला टाका, त्याच बाजूचा ब्रेक थोडा ओढून टेकडीपासून दूर दिशा धरा, आणि मग दुमडलेल्या बाजूला एक लांब ब्रेक देऊन सोडा. दिशा आधी, उलगडणं नंतर. शांत हवेत उडणाऱ्या नवख्याला बहुधा ही वेळ येत नाही. रिझर्व्ह वापरायची वेळ आलीच तर: हँडलकडे बघा, पकडा, ओढा, मोकळ्या हवेत जोराने फेका, मग मुख्य विंग जवळ ओढून घ्या.

टेकडीसमोर येरझाऱ्या घालायला लागलात की दोनच नियम आधी पाठ करा. वळण नेहमी टेकडीपासून बाहेरच्या बाजूला. समोरून कुणी येत असेल, तर ज्याच्या उजव्या हाताला टेकडी आहे त्याचा हक्क पहिला, दुसऱ्याने बाहेर सरकायचं.

उतरणं

शेवटचा टप्पा वाऱ्याला समोर ठेवूनच. त्याआधी वाऱ्याबरोबर एक लांब बाजू, मग आडवी बाजू, मग शेवटची सरळ. शेवटच्या सरळ टप्प्यात, १५-२० मीटर उंचीवर असतानाच हार्नेसच्या बैठकीत पुढे सरकून पाय खाली सोडा आणि हात वर ठेवून वेग राहू द्या. जमीन वर येतेय असं वाटून ब्रेक अर्धे ओढून येणं ही नेहमीची चूक. मग शेवटी ओढायला ब्रेक उरत नाही. दीड-दोन मीटरवर आल्यावर दोन्ही ब्रेक एका संथ, सलग हालचालीत खालपर्यंत. पाच मीटरवर ओढले तर विंग स्टॉल होऊन तुम्ही दगडासारखे खाली. आधी ओढले गेलेच तर हात झटकन वर नेऊ नका, विंग पुढे झेपावते. आहे तिथे धरा आणि उरलेला ब्रेक शेवटी ओढा.

पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, टेकल्यावर दोन-तीन पावलं पळत जा. जोर जास्त असेल तर उभं राहण्याचा हट्ट सोडून पोटरी, मांडी, कूस अशा क्रमाने एका बाजूला लोळण घ्या; हात टेकवून पडणाऱ्याचं मनगट मोडतं. विंग पुढे लीडिंग एजवर आपटू देऊ नका, भरलेल्या कप्प्यांचे आतले पडदे फाटतात. भाताची धसकटं असलेल्या खाचरात विंग ओढत नेऊ नका, गुच्छ करून खांद्यावर घ्या आणि बांधावर जाऊन घडी करा.

घडी, साठवण आणि पुढचा टप्पा

ऊन हा नायलॉनचा शत्रू. दुपारच्या विश्रांतीत विंग पसरून ठेवू नका, पिशवीत किंवा सावलीत. दवाने ओलसर झाली असेल तर सावलीत वाळवूनच घडी करा. घडी करण्याआधी कप्पे झटका: आत नाकतोडे राहतात आणि बंद पिशवीत कापड खराब करतात. मे महिन्यात गाडीच्या डिकीत आठवडाभर ठेवलेली विंग जुनी लवकर होते. काजळी लागली असेल तर साधं पाणी आणि मऊ स्पंज, साबण नको.

स्वतःची विंग घेण्याची घाई पी-टू होईपर्यंत करू नये. जुनी घेत असाल तर तिची तपासणी झालेली हवी: कापडातून हवा किती झिरपते, दोऱ्यांची लांबी किती बदलली, याचा लेखी अहवाल विक्रेत्याकडून मागा, नसेल तर खर्च करून करून घ्या. हिशेब विचारताना वर्षांइतकेच तास विचारा. तीन वर्षं पण ३०० तास उडालेली विंग पाच वर्षांच्या कमी वापरलेल्या विंगपेक्षा वाईट असू शकते.

पी-टू होताच ऑक्टोबरात हिमाचल प्रदेशातल्या बीर-बिलिंगचं तिकीट काढायची पुण्यात एक लाट येते. तिथलं टेक-ऑफ सुमारे २,४०० मीटरवर आहे, थर्मल जोरदार आहेत आणि हंगामात आकाशात गर्दी असते. कामशेतला वेगवेगळ्या वाऱ्यांत, दोन-तीन वेगवेगळ्या टेकड्यांवर, प्रशिक्षकाच्या आवाजाशिवाय ठरवलेल्या जागी उतरता यायला लागेपर्यंत थांबा. गेलात तरी पहिल्या दिवशी तिथल्या स्थानिक मार्गदर्शकाबरोबर, सकाळच्या शांत हवेत, सरळ खाली लँडिंगपर्यंतच.